म्हैसूरचा माल विकणाऱ्या शेठना

शेठ,

वर नमस्कार लिहिलेला नाही. तो मुद्दामच लिहिलेला नाही.

मार्गशीर्षात मी कोल्हापूरहून तुमच्या पुण्याच्या दुकानात आले होते. येझदी रोडकिंगचा पिस्टन हवा होता, अर्धा मिलिमीटर वाढीव साइजचा. तुम्ही स्टुलावर चढलात, वरच्या फळीवरून एक डबा काढलात, फडक्यानं धूळ झटकलीत आणि म्हणालात, "ताई, म्हैसूरचा शेवटचा स्टॉक. कारखाना बंद पडायच्या आधीचा. हा गेला की संपला." मी घासाघीस केली नाही. जी वस्तू आता कुणी बनवत नाही तिच्यासाठी घासाघीस करायला मन धजत नाही. तुम्हाला ते ठाऊक होतं. तुमचा सगळा धंदा त्यावरच उभा आहे.

तुमची छपाई चांगली होती. कागद पिवळट, कडा झिजलेल्या, आत तेलकट कागदात गुंडाळलेला पिस्टन. फक्त किमतीवर जे स्टिकर चिकटवलं होतं, ते पुढे निघालं. त्याच्याखाली आकड्याच्या आधी रुपयाचं चिन्ह छापलेलं आहे. तेच, देवनागरी 'र'वर आडवी रेघ दिलेलं. सरकारनं ते चिन्ह स्वीकारलं २०१० मध्ये. येझदी बनवणाऱ्या म्हैसूरच्या आयडियल जावाचं उत्पादन थांबलं १९९६ मध्ये. चिन्ह येण्याच्या चौदा वर्षं आधीच बंद पडलेल्या कारखान्यानं हा डबा कसा छापला, याचं उत्तर तुम्ही मला द्यायचं आहे.

ती गाडी माझ्या बाबांची. १९८३ साली घेतलेली. ते कृषी खात्यात होते, शाहूवाडी तालुक्यातल्या वाड्यावस्त्या त्यांनी या गाडीवर पालथ्या घातल्या. गिअरचा दांडाच आत दाबून उभा केला की त्याची किक होते, हे मी सातवीत शिकले. रस्त्यावर गाडी चालवायला मिळाली त्याच्या कितीतरी आधी. दोन्ही बाजूंनी निघालेल्या दोन सायलेन्सरांचा आवाज गल्लीच्या तोंडाशी आला की आई चहाचं आधण ठेवायची. बाबा गेले. गाडी घरात आहे, कागदपत्रं चालू आहेत, आणि ती चालती राहावी एवढीच माझी इच्छा आहे. २०२२ मध्ये येझदीचं नाव बाजारात परत आलं, मला आनंद झाला. पण त्या गाड्यांचं इंजिन ३३४ सीसीचं, फोर-स्ट्रोक, पाण्यानं थंड होणारं. त्यातला एक नटसुद्धा आमच्या इंजिनाच्या कामाचा नाही. आमच्यासारख्यांना तुमच्यासारख्यांच्याच दारात यावं लागतं.

आमच्या मिस्त्रींनी पिस्टन हातात घेऊन दोनदा वरखाली केला. मायक्रोमीटर लावला. साइज बरोबर होती, पण "आकार सरळ लेथवर काढल्यासारखा वाटतोय" म्हणाले. मी म्हणाले, म्हैसूरचा आहे, बसवा. त्या एका शब्दावर त्यांनी सिलिंडरचा बोअर मारून तो बसवला.

आता तुम्ही काय विकलंत ते ऐका, कारण तुम्हाला ते माहीत नसेल असं मी मानत नाही. चांगला पिस्टन कधीच नळीसारखा गोल नसतो. तो किंचित अंडाकृती असतो आणि डोक्याकडे किंचित निमुळता, कारण डोकं जास्त तापतं, जास्त फुगतं. पिस्टन ॲल्युमिनियमचा, सिलिंडर ओतीव लोखंडाचा. ॲल्युमिनियम लोखंडाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावतं. दोघांमधली फट मिलिमीटरच्या शंभराव्या भागांत मोजतात. तुमचा पिस्टन सरळ गोल होता. शिवाय टू-स्ट्रोकच्या पिस्टनमध्ये रिंगच्या खाचेत एक बारीक पिन असते. रिंग फिरू नये आणि तिची टोकं सिलिंडरच्या खिडकीत अडकू नयेत म्हणून. तुमच्या डब्यातल्या पिस्टनची पिन ठोकून बसवलेली नव्हती, नुसती टेकवलेली होती.

तीनशे किलोमीटर आम्ही गाडी अगदी सावकाश चालवली. बोअर मारल्यावर चालवायची असते तशीच. मग एका रविवारी पन्हाळ्याला निघालो. मुलगा चालवत होता, मी मागे. वाघबीळच्या चढावर आधी आवाज बदलला, मग पिस्टन पकडला आणि मागचं चाक जागेवर थांबलं. मागून उसाची ट्रॉली येत होती. मुलानं त्याच क्षणी क्लच दाबला म्हणून चाक सुटलं आणि गाडी कडेला आली. चार बोटं. तुमच्या डब्यातल्या पिस्टनपासून माझ्या मुलाला त्या चार बोटांनी वाचवलं. हे वाक्य मी तुम्हाला पुन्हा एकदा वाचायला सांगते.

इंजिन उघडलं तेव्हा पिन सुटून भिंत ओरबाडत गेली होती. मिस्त्री बराच वेळ बोलले नाहीत. मग सिलिंडरचा ब्लॉक उजेडात धरून मला आत बोट फिरवायला लावलं. ओरखड्यात नख अडकत होतं.

शेठ, पैशांचं मी बोलतच नाही. तुम्ही माझ्याकडून जे घेतलंत ते पैशात मोजता येत नाही. कंपनीतून आलेल्या ब्लॉकचा व्यास ६५ मिलिमीटर. बोअर मारला की आतल्या भिंतीचा एक थर कायमचा निघून जातो आणि ते लोखंड परत येत नाही. पाव पाव मिलिमीटरनं मोजक्याच वेळा हे करता येतं, मग ब्लॉक संपतो. बाबांनी पहिला बोअर १९९४ मध्ये मारला, तोही नाइलाजानं. त्यानंतर हवेचा फिल्टर, तेलाचं माप, कार्बन काढणं, सगळं इतकं सांभाळलं की तो दुसरा बोअर माझ्या वाट्याला आला. त्यांनी राखून ठेवलेला थर होता तो. तुमच्या पिस्टनसाठी तो मी कातून टाकला, आणि तुमच्या पिनीनं पुढच्या दोन साइजही खाल्ल्या. चांगला पार्ट मिळेपर्यंत गाडी उभी ठेवता येते, त्यात काही जात नाही. खोटा पार्ट बसवला की खराही बसायची जागा उरत नाही. जगात जे मूळ ब्लॉक शिल्लक आहेत त्यातला एक तुम्ही संपवलात. असे किती डबे त्या फळीवर आहेत?

कुणी म्हणेल, बंद गाडीचा पार्ट, नक्कलच मिळणार. नकलेबद्दल माझी तक्रार नाही. त्या ब्लॉकचं पुढे जे झालं ते उद्यमनगरातल्या एका टर्नरच्या हातून झालं. त्यांनी आत स्लीव्ह, म्हणजे नवी नळी, घालून दिली; टू-स्ट्रोकच्या स्लीव्हला आतल्या खिडक्या जुन्या ब्लॉकशी जुळवून कापाव्या लागतात, तीन दिवस ते त्यावर बसले होते. पिस्टन दुसरीकडून आणला, आजच्या काळात बनलेला. देताना त्यांनी स्वच्छ सांगितलं: "हा लोकल आहे बरं का. म्हैसूरचा नव्हे. पण मी मोजून घेतलाय, कुठं काय आहे ते मला माहीत आहे." जुन्या गाड्या भारतात चालतात त्या या माणसांमुळे. जुलैच्या दुसऱ्या रविवारी जावा-येझदीवाले जमतात तेव्हा हेच चालतं: कुणाकडे जादा क्रँक, कुणाकडे क्लचच्या कॉर्कच्या प्लेटा, आणि प्रत्येक वस्तूबरोबर तिची खरी हकीकत. तुमच्या दुकानात वस्तू होती, हकीकत खोटी होती.

कायदा तुम्हाला ठाऊक असेलच. दुसऱ्याचं व्यापारचिन्ह खोटं लावलेला माल विकला तर १९९९च्या कायद्यात सहा महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंत कैद आहे, वर दंड. डबा मिस्त्रींकडे आहे, स्टिकर आणि तुमच्या हातची पावती माझ्याकडे नीट ठेवलेली आहे. तक्रार मी करणार आहे. ती होईपर्यंत माझं एकच मागणं आहे: वरच्या फळीवरचे ते सगळे डबे खाली काढा आणि त्यांवर मोठ्या अक्षरांत 'लोकल' लिहा. जो घेईल तो समजून घेईल, मिस्त्रीला सांगेल, मिस्त्री पिन तपासेल. एवढ्यानं कुणाचा तरी ब्लॉक वाचेल. कुणाचं तरी मूल वाचेल.

तुमचा पिस्टन मी परत पाठवलेला नाही. मिस्त्रींनी तो दुकानात दाराशीच तारेनं टांगला आहे, ओरबाडलेली बाजू बाहेर करून. शेजारी रुपयाच्या चिन्हाचा तो डबा. जुनी येझदी घेऊन जो येतो त्याला ते आधी तिथं उभं करतात, दोन्ही दाखवतात, आणि मगच इंजिनाला पाना लावतात.

गाडी सुरू झाली आहे. आता क्लचच्या बाजूचं ऑइल सील बदलायचं आहे. ते मी जिथं शोधायचं तिथं शोधीन.

— रोडकिंगवाल्या बाबांची मुलगी, कोल्हापूर