घेताना चार मुलाखती, काढताना एक ईमेल

प्रति,
मा. सदस्य, भरती समिती,
गुगल, माउंटन व्ह्यू, कॅलिफोर्निया.

विषय : आपल्या काटेकोर भरतीपद्धतीचा लाभ गच्छंतीच्या वेळीही मिळणेबाबत.

महोदय/महोदया,

वरील विषयास अनुसरून सविनय कळवतो की, माणूस पारखून घ्यावा तर आपणच. २००४ साली सिलिकॉन व्हॅलीत १०१ क्रमांकाच्या महामार्गालगत आपला एक फलक झळकला होता. त्यावर ना कंपनीचं नाव, ना पगाराचा आकडा. 'ई' या गणिती स्थिरांकाच्या अंकांत सलग सापडणारी पहिली दहा अंकी मूळ संख्या शोधा आणि तिच्यापुढे डॉट कॉम लावा, एवढंच. ७४२७४६६३९१ हे उत्तर काढणाऱ्याला बक्षीस काय, तर आणखी एक कोडं! तेही सुटलं, की बायोडेटा पाठवायची मुभा.

मुलाखतीत विमानात गोल्फचे चेंडू किती मावतील, असलेही प्रश्न असत. २०१३ मध्ये आपलेच मनुष्यबळ प्रमुख लॅझलो बॉक यांनी सांगून टाकलं, की असल्या कोड्यांनी मुलाखत घेणाऱ्याला आपण हुशार असल्यासारखं वाटतं, बाकी उपयोग शून्य. कोडी गेली, फळ्यावरचं कोडिंग राहिलं. म्हणून तर हिंजवडीहून दमून आलेली आमची पोरं रात्री लीटकोड या कोडिंगच्या सरावाच्या संकेतस्थळावर बायनरी ट्री उलटी करत बसतात. दिवसभराच्या कामात ती वेळ कधी येत नाही, हा भाग वेगळा.

सर्वाधिक आदर वाटतो तो आपल्या समितीचा. मुलाखत घेणाऱ्याने नुसता अभिप्राय लिहायचा. निर्णय घेणार आपण, उमेदवाराचं तोंडही न पाहता. मॅनेजरला एखादा कितीही आवडला, तरी त्याच्या एकट्याच्या होकाराला किंमत नाही. वशिला, मर्जी, घाई यांना थाराच नको! शिवाय आकडेवारी तपासून आपणच काढलंत की चार मुलाखतींत ८६ टक्के खात्री होते. पाचवीपासून जेमतेम एकेक टक्क्याची भर पडते.

आता मुद्द्याचं. २० जानेवारी २०२३ रोजी आपल्या कंपनीने १२,००० माणसं कमी करत असल्याचं जाहीर केलं. अमेरिकेत कित्येकांना ते ईमेलने कळलं, काहींना लॉगिन होईना तेव्हा. त्या दिवशी समिती कुठे बसली होती? अभिप्राय कुणाचे मागवले? खात्री किती टक्के होती? आपल्या टीममधलं कोण गेलं, हे कित्येक मॅनेजरांनाही मागाहूनच कळलं. मॅनेजरांशिवाय कंपनी चालवण्याचा प्रयोग सहसंस्थापक लॅरी पेज यांनी २००१ च्या सुमारास केला होता. खर्चाची बिलं आणि आपसातली भांडणं थेट त्यांच्याच टेबलावर येऊ लागली, तेव्हा काही महिन्यांत तो गुंडाळावा लागला. या वेळी तो निदान एका सकाळपुरता यशस्वी झाला म्हणायचा.

मुख्य कार्यकारी अधिकारी सुंदर पिचाई यांनी या कपातीची संपूर्ण जबाबदारी स्वीकारली. स्वीकारून तिचं पुढे काय केलं, ते समजलं नाही. २०२२ सालचा त्यांचा मोबदला, बहुतांश शेअरांच्या रूपात, सुमारे २२.६ कोटी डॉलर होता, एवढं मात्र यथावकाश जाहीर झालं. भरती वेगळ्या आर्थिक परिस्थितीत झाली होती, असाही खुलासा त्यांनी केला. म्हणजे माणूस योग्य आहे का, हे आपण चारचारदा विचारलंत. इतकी माणसं लागणार आहेत का, हे कोणत्या फेरीत विचारलं होतं?

सबब, पुढीलप्रमाणे विनंती आहे :

१. कुणालाही काढण्यापूर्वी चार फेऱ्या व्हाव्यात. सोबत काम करणाऱ्यांचे लेखी अभिप्राय घ्यावेत. ८६ टक्क्यांखाली खात्री असल्यास लॉगिन चालू ठेवावं.

२. किती माणसं घ्यायची हे ठरवणाऱ्या वरिष्ठांना फळ्यासमोर उभं करावं. वेळ ४५ मिनिटं, प्रश्न एकच : तीन वर्षांनी किती माणसं लागतील? उत्तरासोबत रीतही दाखवावी.

३. कपातीचा प्रस्ताव समितीने फेटाळल्यास कंपनीने खचून जाऊ नये. तयारी वाढवावी आणि वर्षभराने पुन्हा अर्ज करावा.

कळावे,
आपला नम्र,
एक हितचिंतक