रिमफायर रायफल आणि तिची तीन काडतुसे : ह्यूस्टनहून मालमड्डीस पाठविलेले निवेदन

तीर्थस्वरूप आबा व आजी, मुक्काम मालमड्डी, धारवाड, यांस ह्यूस्टनस्थ समस्त कुटुंबाचे निवेदन.

ज्या रायफलीचे छायाचित्र घरच्या व्हॉट्सअॅप गटावर झळकल्यापासून धारवाडास रात्रीची झोप आणि हुबळीच्या आत्याबाईंस दुपारची वामकुक्षी दुर्मीळ झाल्याचे कळते, ती ‘पॉइंट टू-टू’ या नावाने ओळखली जाणारी रायफल असून तिच्या नळीचा व्यास सुमारे ५.६ मिलिमीटर असतो, तिचा खांद्यास बसणारा धक्का नगण्य असतो, आणि तिच्यातून सुटलेली गोळी या कुटुंबाच्या बाबतीत कागदाखेरीज कोणाच्याही वाटेस जात नाही. आत्याबाईंनी विचारलेल्या ‘तिकडे युद्ध वगैरे सुरू झाले आहे काय’ या प्रश्नाचे उत्तर नकारार्थी असले, तरी प्रश्नाचा मान राखून विषयाचे सविस्तर विवेचन करणे उचित ठरेल.

काडतूस म्हणजे पितळी पुंगळी, तिच्यातील बंदुकीची दारू, तोंडाशी बसविलेली शिशाची गोळी आणि बुडाशी असलेले ठिणगीचे रसायन, अशा चार वस्तूंचा संसार होय. मोठ्या रायफलींच्या काडतुसात हे रसायन बुडाच्या मध्यभागी वेगळ्या टोपीत बसविलेले असते. या रायफलीच्या ‘रिमफायर’ काडतुसात मात्र ते बुडाच्या फुगीर काठाच्या आत, पुंगळी गोल फिरवून चहूकडे पसरविलेले असते, आणि रायफलीची पिन त्या काठावर कोठेही आपटली की तेथील पातळ पितळ दबून रसायन पेटते. या रचनेमुळे काडतूस स्वस्त पडते. पण एकदा काठ चेपला की पुंगळी पुन्हा भरता येत नाही, आणि क्वचित एखाद्या पुंगळीच्या काठाच्या एका भागात रसायन पोचलेलेच नसल्यामुळे चाप ओढूनही काही घडत नाही. अशा वेळी नळीचे तोंड लक्ष्याकडेच ठेवून अर्धा मिनिट थांबावे, असा दंडक आहे, कारण ठिणगी उशिरा लागण्याची शक्यता असते. घरातील पाचही माणसे एकाच वेळी अर्धा मिनिट गप्प राहिल्याचा अन्य प्रसंग, निदान आबांच्या स्मरणात तरी, नसावा.

आता मूळ विषयाकडे, म्हणजे काडतुसांच्या लांबीकडे, वळावयाचे. या रायफलीच्या तीन काडतुसांपैकी सर्वांत जुने ‘शॉर्ट’ हे असून स्मिथ अँड वेसन या अमेरिकन कंपनीने ते १८५७ साली आपल्या पहिल्या रिव्हॉल्व्हरसाठी काढले. म्हणजे मीरतच्या शिपायांनी चरबीच्या कागदी काडतुसांवरून बंड पुकारले, त्याच वर्षी पृथ्वीच्या दुसऱ्या टोकास कागद व चरबी या दोहोंचा काही संबंध नसलेले हे धातूचे काडतूस बाजारात येत होते. इतिहासाला कधीकधी विनोदाचे अंग असते ते असे. त्यानंतर १८७१ मध्ये लांब पुंगळीचे ‘लाँग’ आले, आणि १८८७ मध्ये स्टीव्हन्स कंपनीने लाँगचीच पुंगळी घेऊन तीवर अधिक जड गोळी बसविली, तेव्हा ‘लाँग रायफल’ जन्मास आले, जे आज जगभर सर्वाधिक वापरले जाते. शॉर्टची पुंगळी १०.७ मिलिमीटर लांब, तर लाँग रायफलची १५.६ मिलिमीटर; जाडी मात्र तिघांचीही तीच. गोळ्यांचे वजन ग्रेन या मापात सांगण्याची पद्धत आहे, आणि हे माप आबांना अपरिचित वाटण्याचे कारण नाही, कारण जुन्या सरकारी हिशेबाने एक तोळा बरोबर १८० ग्रेनचा, म्हणजे एक मासा १५ ग्रेनचा धरला जात असे. शॉर्ट व लाँग यांची नेहमीची गोळी २९ ग्रेनची, म्हणजे दोन माशांना किंचित कमी; लाँग रायफलची ४० ग्रेनची, म्हणजे दोन मासे व वर दोनतृतीयांश. सराफकट्ट्यावर एवढ्या वजनाच्या सोन्यासाठी जितकी घासाघीस होते, तिच्या मानाने शिशाचा हा व्यवहार फारच शांततेत पार पडतो.

तिन्ही काडतुसे जाडीने सारखी असल्यामुळे, ज्या रायफलीची काडतूस-कोठी सर्वांत लांबासाठी कोरलेली असेल, तीत आखूड काडतुसेही बसतात, आणि या गुणाचा लाभ घेणाऱ्या रायफलींच्या नळीवर तिन्हींची नावे कोरलेली असतात. बसणे आणि चालणे यांत मात्र फरक आहे. जॉन ब्राउनिंग यांच्या आराखड्यावरून निघालेली विंचेस्टरची १८९०ची प्रसिद्ध रायफल एका वेळी एकाच जातीच्या काडतुसासाठी घडविलेली असे. १८९१च्या मार्लिनने मात्र तिन्ही लांबींना एकाच घरात नांदविले, आणि त्या परंपरेतील रायफली आजही बनतात. या कुटुंबाकडील रायफलीत चापाभोवतीची कडी खाली ओढून पुन्हा वर घेतली की रिकामी पुंगळी बाहेर पडते व नवे काडतूस आत सरकते; नळीखालच्या लांब पन्हळीत लाँग रायफलची १५, लाँगची १७ किंवा शॉर्टची २१ काडतुसे मावतात. हे काम माणसाच्या हाताने होत असल्यामुळे काडतूस दुबळे असले तरी अडत नाही. स्वयंचलित रायफलीत तेच काम काडतुसाच्या स्वतःच्या जोरावर व्हावयाचे असते, आणि शॉर्टच्या अंगात सहसा तेवढा जोर नसतो. रेमिंग्टनच्या ५५२ क्रमांकाच्या स्वयंचलित रायफलीने तिन्ही पचविली, हा अपवाद होय, आणि असा अपवाद प्रत्येक मोठ्या घराण्यात एखादा निघतोच.

या सोयीचा कौटुंबिक उपयोग असा की, थोरले चिरंजीव लाँग रायफल वापरतात, कारण त्यांना पन्नास यार्डांवरचा कागद हवा असतो. नात शॉर्ट वापरते, कारण त्याचा आवाज लहान व पन्हळीतील संख्या मोठी. आणि सूनबाई मिळेल ते वापरून दोघांपेक्षा बरे नेम साधतात, ज्याची चर्चा घरात टाळली जाते. लाँगला मात्र कोणी वाली उरलेला नाही. ते दुकानातही दुर्मीळ झाले आहे, आणि पुंगळी लांब व गोळी हलकी अशा अधल्यामधल्या अवस्थेत राहिलेल्या वस्तूचे पुढे काय होते, हे लग्नाच्या याद्या करणाऱ्या आत्याबाईंना वेगळे सांगावयास नको.

नेमाच्या दृष्टीने शॉर्टला एक अडचण आहे, तीही येथे नोंदविली पाहिजे. नळीच्या आतील मळसूत्री खाचा गोळीला स्वतःभोवती फिरवितात व त्या फिरण्यामुळे गोळी सरळ जाते. परंतु लांब कोठीत आखूड काडतूस ठेवले असता गोळीला खाचांपर्यंत पोचण्याआधी थोडा मोकळा प्रवास करावा लागतो, आणि तेवढ्यात ती किंचित वाकडी होऊ शकते. शिवाय शॉर्टच्या तोंडापुढे कोठीत काजळी व शिसे यांचे कडे जमते. पातेल्यात रोज अर्धेच दूध तापविले की त्या पातळीवर जशी कड धरते, तसेच ते असते. नंतर लाँग रायफल भरू पाहिले तर पुंगळी त्या कड्यापाशी अडते. उपाय पातेल्याचाच, म्हणजे वेळच्या वेळी घासणे. त्यासाठी पितळी तारांचा ब्रश असतो आणि तो कोणाच्या वाट्यास येतो, हे लिहिण्याची गरज नाही.

यानंतर कायद्याचा भाग, जो आबांनी आजींस टप्प्याटप्प्याने वाचून दाखवावा. अमेरिकेच्या १९६८च्या केंद्रीय शस्त्र कायद्यात १९९८ साली झालेल्या दुरुस्तीनुसार, तात्पुरत्या व्हिसावर राहणाऱ्या परदेशी व्यक्तीस बंदूक वा काडतूस बाळगता येत नाही, भाड्याने घेऊन सराव-मैदानावर हाती धरणेही त्यातच मोडते. अपवाद आहे तो तेथील एखाद्या राज्याचा चालू शिकार-परवाना जवळ असणाऱ्याचा. नात ह्यूस्टनमध्येच जन्मल्यामुळे अमेरिकेची नागरिक आहे आणि तिला ही बंदी लागू नाही. तिच्या आईवडिलांस मात्र, दोघेही एच-वन-बी व त्याच्या आश्रित व्हिसावर असल्याने, ती लागू होते. सबब, ज्या घराण्यात चार पिढ्यांत अंड्याचे नावही स्वयंपाकघराच्या उंबऱ्याआत आलेले नाही, त्या घराण्यातील दांपत्यास केवळ कागदाला भोके पाडता यावीत म्हणून टेक्सासचा शिकार-परवाना घ्यावा लागला. टेक्सासमध्ये २ सप्टेंबर १९७१ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्यांस त्याकरिता शिकार-शिक्षणाचा अभ्यासक्रम पूर्ण करावा लागतो, आणि त्यात बंदुकीच्या सुरक्षिततेबरोबर मारलेल्या जनावराची व्यवस्था कशी लावावी हाही पाठ असतो. दोघांनी तो चातुर्मासात, उपवासाच्या दिवशी, संगणकावर पूर्ण केला व उत्तीर्ण झाले; गुण विचारू नयेत, ते चिरंजीवांच्या अभियांत्रिकीच्या गुणांहून अधिक आहेत.

हरणांविषयी आजींस वाटणारी काळजी मात्र टेक्सास राज्याने स्वतःच दूर केली आहे, कारण तेथे रिमफायर काडतुसाने हरिण मारणे कायद्यानेच निषिद्ध आहे. इतकी लहान गोळी मोठ्या जनावरास नीट मारीत नाही, नुसते जखमी करते, हे त्यामागचे कारण. तेव्हा परवाना शिकारीचा, पण हाती हरणास वर्ज्य असलेली रायफल, अशी ही सर्वथा निरुपद्रवी अवस्था आहे. शिवाय गोळी शिशाची व ठिणगीच्या रसायनातही शिसे असल्यामुळे मैदानावर काही खाऊ नये, परतल्यावर हात थंड पाण्याने व साबणाने धुवावेत, जोडे दाराबाहेर ठेवावेत, कपडे इतर कपड्यांत न मिसळता वेगळे धुवावेत, असे नियम तेथे फलकावर लिहिलेले असतात. आजींनी हेच नियम वेगळ्या कारणाने साठ वर्षे सांगितले आणि कोणी पाळले नाहीत. अमेरिकेतील फलकाने ते एका दिवसात पाळून घेतले, यावर त्यांनी रागावू नये.

आबांना या विद्येचे नवल वाटण्याचे खरे तर कारण नाही. १९४८ साली स्थापन झालेल्या राष्ट्रीय छात्रसेनेत पॉइंट टू-टूचाच सराव असे, आणि कर्नाटक कॉलेजच्या दिवसांत आबांच्या खांद्यावर आलेली ‘नंबर टू मार्क फोर’ ही रायफल म्हणजे थ्री-नॉट-थ्रीच्या देहात लहान नळी घालून केलेले रूपांतर होते. वजन मोठ्या रायफलीचे आणि गोळी पुरत्या तीन माशांचीही नाही, शिवाय दर वेळी एकच काडतूस हाताने भरावयाचे. त्यावरून त्या काळच्या छात्रांच्या सहनशीलतेची कल्पना येते. सिद्धारूढ मठाच्या जत्रेत फुगे फोडण्याकरिता मिळते ती हवेची बंदूक निराळी, तीत दारू नसते. पण अमेरिकेतील जत्रांत एकेकाळी हेच काम शॉर्ट काडतुसांच्या रायफलींनी होत असे, आणि बक्षिसाच्या बाहुल्या तेथेही न मिळण्यासाठीच मांडलेल्या असाव्यात, असा तर्क करावयास जागा आहे.

लाँग रायफल काडतुसाने मिळविलेले मोठे मान तर मालमड्डीच्या शेजारीच आहेत. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत यांनी २०१० मध्ये म्युनिक येथे पन्नास मीटर प्रोन, म्हणजे पालथे पडून नेम धरण्याच्या, प्रकारात ६०० पैकी ५९७ गुणांसह जगज्जेतेपद पटकावले. आणि राधानगरी तालुक्यातील कांबळवाडीचे स्वप्नील कुसळे यांनी १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिंपिकमध्ये गुडघ्यावर, पालथे व उभे अशा तीन आसनांतील पन्नास मीटर स्पर्धेत ४५१.४ गुणांसह कांस्यपदक मिळविले. कुसळे मध्य रेल्वेत तिकीट तपासनीस होते. हुबळी हे नैर्ऋत्य रेल्वेचे मुख्यालय असल्याने तेथील फलाटावर काळा कोट दिसताच आत्याबाईंनी यापुढे वाद घालण्यापूर्वी विचार करावा, हे बरे.

आता येत्या उन्हाळ्यातील मुक्कामासंबंधी. आबा व आजी पर्यटक व्हिसावर येणार असल्याने उपरोक्त बंदी दोघांसही लागू आहे, म्हणजे आजींनी रायफलीवरील धूळ पुसावयास घेतली तरी त्या केंद्रीय कायद्याच्या भंगाच्या दोषास पात्र ठरू शकतील. सबब त्या खोलीची झाडलोट त्यांच्याकडे राहणार नाही, हे आधीच स्पष्ट करण्यात येत आहे. आबांची इच्छा असल्यास बाहेरच्या पाहुण्यांकरिता टेक्सासचा पाच दिवसांचा शिकार-परवाना मिळतो, आणि त्यांचा जन्म १९७१च्या पुष्कळ आधीचा असल्यामुळे अभ्यासक्रमातूनही सूट आहे. परवान्यावर नाव पासपोर्टप्रमाणे लागते, तेव्हा पासपोर्टवर वडिलांचे नाव आधी आहे की आडनाव, ते परतीच्या टपालाने कळवावे. पेढे लाइन बाजारातलेच आणावेत, दोन किलो. विमानतळावर येण्याचे प्रयोजन विचारल्यास ‘नातवंडे’ एवढेच सांगावे, शिकारीचा उल्लेख करू नये.



ह्यूस्टनस्थ कुटुंब