तंबू आहे, जंगल पाठवा

महाराष्ट्रात राष्ट्रीय उद्यानं सहा, मराठवाड्यात एकही नाही. लातूर जिल्ह्यात तर वनक्षेत्र एक टक्काही भरत नाही. तरी पोरांनी ऑनलाइन तंबू मागवला. ठोकायचा कुठं? एकजण म्हणाला, किनवटकडं, पैनगंगा अभयारण्यात. तिथं वनखात्याची परवानगी लागते म्हटल्यावर तोंडं उतरली. परवानगी तर इथं डीजेलाही लागते म्हणे; घेतो कोण?

शेवटी तंबू नीटवाल्या होस्टेलच्या गच्चीवर लागला. खुंट्या सिमेंटात शिरेनात, म्हणून दोऱ्या टाकीच्या पाइपाला बांधल्या. 'पिण्याचे पाणी सोबत आणावे' ही कॅम्पिंगची अट वाचून घरमालक हसला. २०१६ला लातूरनं पाणी मिरजेहून आणलं होतं, तेही अख्ख्या रेल्वेगाडीनं.