वॉकरआजोबांचं ‘आम्ही’

एडिंबरातले आमचे शेजारी वॉकरआजोबा नव्या माणसाचं नाव विचारत नाहीत, आडनाव विचारतात. उत्तर येईपर्यंत त्यांचा अंगठा आणि तर्जनी समोरच्याच्या कोटाची बाही चाचपत असतात. ‘‘नीट तुडवलेलं नाही,’’ असा निकाल दिल्याशिवाय हात मागे जात नाही.

कापड तुडवणं हा वॉकरांचा धंदा. घराण्यात कुणी शेवटचं तुडवलं त्याला शतकं लोटली, पण आजोबांच्या बोलण्यात ‘ते’ नाहीच, सगळं ‘आम्ही’. ‘‘मागावरून उतरलेली लोकर विरविरीत आणि तेलकट असते. आम्ही ती शिळ्या मुतात भिजवायचो आणि अनवाणी पायांनी तुडवत बसायचो.’’ हे वाक्य हमखास सूप वाढल्यावर येतं. पाहुण्याचा चमचा हवेत थांबला की आजोबांना चेव चढतो. मुतातल्या अमोनियानं तेल सुटतं, तुडवून धागे एकमेकांत गुंततात, कापड आटून असं दाट होतं की स्कॉटलंडचा पाऊससुद्धा बाहेरच थांबतो! पुढे पाणचक्कीवरचे लाकडी हातोडे आले आणि पायांचं काम गेलं. त्या चक्कीवर त्यांचा अजून राग आहे.

हेच काम करणारे दक्षिण इंग्लंडात फुलर झाले, नैऋत्येला टकर. या आडनावांची माणसं भेटली की आजोबा त्यांच्याशी चुलत भावाच्या मायेनं आणि चुलत भावाच्याच संशयानं वागतात.

दर मंगळवारी पूर्वजांच्या नोंदी धुंडाळायला आजोबांचा मुक्काम रजिस्टर हाउसमध्ये. स्कॉटलंडात जन्ममृत्यूची सक्तीची नोंद 1855 साली सुरू झाली. पहिल्या वर्षी हौसेनं इतके रकाने ठेवले की काम झेपेना. पुढच्याच वर्षी ते कमी केले. त्यामुळे 1855 मध्ये मेलेला पूर्वज म्हणजे घबाड. आजोबांचे खापरपणजोबा गेले 1856च्या जानेवारीत. ‘‘आठवडाभर आधी जाता येत नव्हतं?’’ असं ते दर मंगळवारी रात्री विचारतात.

रॉयल माइलवरच्या दुकानांत कुठल्याही आडनावाला एखादा क्लॅन, म्हणजे कुळ, आणि त्याचं चौकड्यांचं टार्टन शोधून देतात. 1822 साली चौथा जॉर्ज एडिंबरात आला, वॉल्टर स्कॉटनं त्याच्यासकट सगळ्यांना टार्टन चढवलं, तिथून हे खूळ फोफावलं, असं आजोबा दुकानदाराला उभ्या उभ्या ऐकवतात. ‘‘आम्ही कापड तुडवणारे, आम्हाला कसला क्लॅन!’’ आणि मग टाय विकत घेतात. कपाटात बरेच झालेत.

आजी माहेरच्या स्टुअर्ट. बाराव्या शतकात डेव्हिड राजानं वॉल्टर फिट्झ ॲलनला राजवाड्याचा कारभारी, म्हणजे ‘स्ट्युअर्ड’, नेमलं, कारभारीपण घराण्यात टिकलं, तेच आडनाव झालं, आणि 1371 साली त्याच्या वंशातला रॉबर्ट थेट गादीवर बसला. आजी हे कधी काढत नाहीत. सूप अगदीच निवायला लागलं तर मात्र म्हणतात, ‘‘आमचे लोक राजे झाले.’’

‘‘झाले ना! पण त्यांच्या अंगावरचं कापड कुणी तुडवलं?’’

‘‘कशात तुडवलं तेही माहीत आहे. जेव आता.’’