माफी तयार आहे, पत्ता सांगा

आडुतुरै हे नाव मराठी माणसाच्या कानावरून सहसा गेलेलं नसतं. पण तो तमिळनाडूत चार दिवस राहिला असेल, तर त्या नावाचं निदान एक ताट भात तरी त्याच्या पोटात गेलेलं असतं. कुंभकोणमहून मायिलाडुतुरैकडे जाताना लागणाऱ्या या छोट्या गावात 1922 पासून भात संशोधन केंद्र आहे. तिथून निघालेल्या वाणांच्या माथी गावाचा शिक्का असतो: एडीटी 36, एडीटी 43 वगैरे. शेजारच्या गोविंदपुरमला पंढरीच्या थाटाचं मोठं विठ्ठलमंदिर उभं राहिल्यापासून आपली मंडळी तिकडे वळू लागली आहेत. जोडीला तंजावर असतंच. मोठ्या देवळाच्या भिंतीवरचा भोसले घराण्याचा मराठी शिलालेख पाहायचा, सरस्वती महालातल्या मोडी कागदांकडे आदराने बघायचं (वाचता येत नाही म्हणून जरा जास्तच आदराने), सांबार संभाजीराजांमुळे आलं ही कुणीही न तपासलेली गोष्ट एकमेकांना सांगायची आणि गाडीत बसायचं. या सहलीत कुणी कुणाची माफी मागावी असं काही दाखवत नाहीत.

एरवी जगात माफीचा हंगाम जोरात आहे. 19 डिसेंबर 2022 रोजी हेगमध्ये डच पंतप्रधान मार्क रुट्टे यांनी गुलामगिरीबद्दल सरकारच्या वतीने माफी मागितली. पुढच्या 1 जुलैला राजे विलेम-अलेक्झांडर यांनीही मागितली. जनजागृतीसाठी 20 कोटी युरोंचा निधी जाहीर झाला. वंशजांच्या हातावर काही ठेवायचं नाही, हेही ठरलेलं होतं. डच सरकारला रोख मोजता येत नाही असं मात्र कुणी समजू नये. 1863 मध्ये सुरीनाममधल्या दर गुलामामागे 300 गिल्डर त्यांनी मोजले होते. मालकाला. मोकळ्या झालेल्या बहुतेक गुलामांनी आणखी दहा वर्षं सरकारी देखरेखीखाली राबायचं होतं. इंग्रजांची तऱ्हा तीच. 1833 च्या कायद्याने मालकांना 2 कोटी पौंड दिले. त्यासाठी काढलेलं कर्ज ब्रिटिश करदाता 2015 पर्यंत फेडत होता. त्याच कायद्यात ईस्ट इंडिया कंपनीचा मुलूख वगळल्याचं कलम होतं. आमच्याकडच्या गुलामांची सुटका दहा वर्षं लांबली, आणि 1843 च्या कायद्याने झाली ती एवढीच, की कोर्टाने गुलामावरचा हक्क मानायचा नाही.

रुट्टे यांच्या भाषणात आशियाही होता. डच ईस्ट इंडिया कंपनीच्या अमलाखालच्या भागांत 6 लाख 60 हजार ते 10 लाखांहून अधिक माणसांचा व्यापार झाला, नक्की आकडा आम्हालाही ठाऊक नाही, असं ते म्हणाले. त्यातली काही हजार माणसं आडुतुरैच्या आसपासची असणार. तंजावरच्या मुलखाचं समुद्रावरचं दार म्हणजे नागपट्टणम. ते 1658 मध्ये डचांनी पोर्तुगीजांकडून घेतलं. लगेच विजापूरकरांच्या स्वाऱ्या आल्या, दुष्काळ पडला, आणि 1659 ते 1661 या काळात कंपनीने नागपट्टणम, पुलिकत वगैरे ठिकाणी आठ-दहा हजार माणसं विकत घेतली. बहुतेक सिलोनला रवाना झाली. पोटच्या पोरांना विकणारे आईबापही होतेच. शेत जळाल्यावर घरात विकण्याजोगं दुसरं काय उरतं?

इथवर आपण निवांत असतो. डच वाईट, विजापूरकर वाईट, आणि आपल्या खिशात तर हुकमाचा एक्का आहे. 1677 च्या कर्नाटक स्वारीत शिवाजी महाराजांनी डचांना दिलेल्या कौलात साफ बजावलं होतं: पूर्वीच्या अमलात तुम्ही इथे बायका-पुरुष गुलाम घेत होता, माझा अंमल आहे तोवर ते चालणार नाही, नेऊ लागलात तर माझी माणसं अडवतील. सतराव्या शतकात असं लिहून देणारे राजे किती निघतील? हा कौल आपण अभिमानाने फिरवतो आणि फिरवावाच. मात्र तो फिरवताना नकाशा जरा दक्षिणेकडे सरकवत नाही. दक्षिणेला तंजावर, आणि तिथे गादीवर महाराजांचेच सावत्र भाऊ व्यंकोजी. त्यांनी डचांना नागपट्टणमचा करार चांदीच्या पत्र्यावर करून दिला होता.

व्यंकोजींचे चिरंजीव शहाजीराजे. आजोबांचं नाव, स्वतः कवी, पाच भाषांत नाटक रचणारे. 1693 मध्ये त्यांनी आडुतुरैपासून जवळच असलेलं तिरुविशनल्लूर पंडितांना दान दिलं. त्यांच्याच कारकिर्दीत, 1688 मध्ये पीक बुडालं आणि मोगल कर्नाटकात उतरले. तेव्हा तंजावर भागातली हजारो माणसं, बहुतेक मुली आणि लहान मुलगे, नागपट्टणमहून आचे आणि जोहोरच्या बाजारात गेल्याची डचांच्या कागदांत नोंद आहे. जहाजं आशियाई व्यापाऱ्यांची, बंदर डचांचं, मुलूख आपला. बंदराच्या मालकाने निदान तोंडदेखली माफी मागून टाकली. मुलखाचे वारस आम्ही; आम्ही शिलालेखासमोर फोटो काढतो. आणि तंजावर लांब पडत असेल तर पुण्यात पेशवे दफ्तर आहे. कुणबिणींच्या खरेदी-विक्रीचे कागद तिथे आहेत, किमतींसकट, आणि मोडी वाचणारी माणसंही.

पण मेलेल्यांच्या वतीने मेलेल्यांची माफी मागणं तसं स्वस्तच. तीनशे वर्षांपूर्वीच्या पोरीचा नातू दारात येऊन उभा राहत नाही. जिवंत माणसं समोर असली की भाषा बदलते, आणि इथे पुन्हा आडुतुरै येतं.

कायद्यातून गुलामी गेली तरी तंजावरच्या खोऱ्यात पण्णैयाळ राहिले: जमीनदाराच्या शेतावर पिढीजात राबणारे, बहुतेक दलित. चुकलं की चाबूक, आणि शेणाचं पाणी प्यायला लावायचं, या दोन शिक्षा नेहमीच्या. 1952 मध्ये राजाजींच्या सरकारने पण्णैयाळ संरक्षणाचा वटहुकूम काढला. साठच्या दशकात आडुतुरैच्या केंद्रातून एडीटी 27 हे जपानी रक्ताचं वाण निघालं आणि उतारा वाढला. जमीनदाराची कोठारं भरली. कापणाऱ्याने विचारलं, आमचं काय? मागणी होती मजुरीत अर्धं माप भात जादा. जमीनदारांनी भातउत्पादकांची संघटना काढली, बाहेरून मजूर आणले, आणि गावातला लाल झेंडा उतरवा म्हणून सांगितलं. मजुरांनी तो उतरवला नाही.

25 डिसेंबर 1968 च्या रात्री याच खोऱ्यातल्या कीळवेण्मणी गावात 44 माणसं एका झोपडीत जाळली गेली. बहुतेक बायका आणि मुलं. हल्ला झाल्यावर लपायला म्हणून ती त्या झोपडीत शिरली होती. खालच्या कोर्टाने जमीनदारांना शिक्षा दिली. 1973 मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने त्यांना सोडलं. न्यायालयाला एक गोष्ट पटेना: हे सगळे श्रीमंत, मोठ्या जमिनीचे धनी, एकाकडे तर मोटार, असे लोक नोकरांना न पाठवता स्वतः चालत जाऊन आग कशी लावतील? ज्याच्याकडे मोटार नाही त्याने मात्र उलटतपासणीची तयारी ठेवावी.

दरम्यान सरकारने आयोग नेमला, आणि 1969 मध्ये शेतमजुरांना रास्त मजुरी देण्याचा कायदा झाला. म्हणजे मागणी रास्त होती, हे सरकारी शिक्क्यानिशी लिहून मिळालं. जळिताच्या वेळी सरकार अण्णादुराईंचं, पक्ष द्रमुक. तो पक्ष पुढे कितीदा तरी सत्तेवर आला. हेगसारखी सभा मात्र चेन्नईत भरल्याचं ऐकिवात नाही. साहेबाकडून कोहिनूर, जालियनवाला आणि व्याजासकट लुटीचा हिशेब मागताना दिल्लीपासून गल्लीपर्यंत सगळ्यांचा आवाज लागतो. अर्ध्या मापाचा विषय निघाला की घसा बसतो.

त्या भागात हिशेब केला तो एका बाईने. कृष्णम्मल जगन्नाथन या विनोबांच्या भूदानातल्या कार्यकर्त्या कीळवेण्मणीनंतर तिकडेच जाऊन राहिल्या. 1981 मध्ये त्यांनी पतीसोबत ‘लाफ्टी’ ही संस्था काढली आणि जमीनदारांना सरळ विचारायला लागल्या, जमीन विकता का? बँकेतून कर्ज काढायचं, एकेक एकराचे तुकडे करायचे आणि खरेदीखत भूमिहीन बाईच्या नावावर करायचं. विकणाऱ्याकडून त्यांनी माफीनामा मागितला नाही. भाव थोडा कमी करा म्हणाल्या.