नाक बगा, नाक!

युद्धपट लावून तुम्ही निवांत बसलाय आणि दारात चपला काढल्याचा आवाज आला, तर सिनेमा तिथंच संपला म्हणून समजा. हा इसम तुमच्याही ओळखीचा असणार. आमच्याकडचा पन्हाळ्यावर राहतो आणि अख्खा गड त्याला विमानअण्णा म्हणतो.

चुका काढणाऱ्यांची पन्हाळ्यावर तशी वाण नाही. खाली कोल्हापूर म्हणजे भालजींचं, जयप्रभा स्टुडिओचं गाव. पडद्यावर पगडी चुकली तर इथलं शाळकरी पोरगंही हसतं. १६६० च्या वेढ्यात राजापूरच्या इंग्रजांनी सिद्दी जौहरला केलेल्या मदतीवर चहाच्या गाड्यापाशी हातघाई होते. अण्णांना मात्र गड दिसतच नाही. पावसाळी धुक्यात वरून घरघर ऐकू आली की पिठलं-भाकरी खाणाऱ्या अनोळखी पर्यटकाला ते सांगतात, "एटीआर. उजळाईवाडीला उतरायलंय." त्याचा घास हातातच राहतो.

पण त्यांचा खरा छळ टीव्हीसमोर. 'बॅटल ऑफ ब्रिटन' हा १९६९ चा सिनेमा मी आजवर शेवटपर्यंत पाहू शकलेलो नाही. जर्मन मेसरश्मिटं झेपावली रे झेपावली की अण्णा रिमोट हिसकावतात. "थांबवा की जरा! नाक बगा, नाक." मग चित्र थिजतं आणि अण्णा वाहू लागतात. खऱ्या मेसरश्मिट १०९ चं इंजिन उलटं बसवलेलं, म्हणून धूर सोडणाऱ्या नळ्या नाकाच्या खालच्या अंगाला. युद्धानंतर स्पेननं हीच विमानं आपल्याकडं बांधली, पण जर्मन इंजिन मिळेना, तेव्हा बसवलं रोल्स-रॉइसचं मर्लिन. म्हणजे स्पिटफायरचंच! ते सुलटं, नळ्या वर गेल्या, हनुवटी सुजली. या विमानाला म्हणतात बुचॉन. सिनेमावाल्यांनी त्यावर जर्मन रंग फासला. "म्हंजे पडद्यावर दोन्हीकडनं इंग्रजांचंच इंजिन लढतंय!" असं म्हणून अण्णा टाळीसाठी हात पुढं करतात. आमचा चहा तोवर निवलेला.

त्यांच्या भाचीच्या मुलाचं बारसं होतं. बायका पाळण्याभोवती जमल्या, नाक आईचं की बापाचं यावर खल चालला. अण्णा वाकले, नीट न्याहाळलं आणि निकाल दिला, "नाक आईचं, पण आवाज बापाचा. बुचॉन!" आत्यानं कानात सांगितलेलं नाव कागदोपत्री राहिलं. पोरगं आता तिसरीत आहे आणि मास्तरसुद्धा त्याला बुचॉन म्हणतात.

'टॉप गन'मधलं काळं 'मिग-२८' दिसलं की अण्णांना उचकी लागते. ते अमेरिकेचंच एफ-५. आणि लढाऊ मिगला कधी सम आकडा असतो काय? 'तोरा! तोरा! तोरा!'तली जपानी विमानं म्हणजे रंगवलेली अमेरिकी शिकाऊ विमानं. 'बॉर्डर' एका लग्नघरी लागला होता. सगळे डोळे पुसत असताना अण्णांनी एकट्यानं टाळ्या वाजवल्या, कारण लोंगेवालाला ५ डिसेंबर १९७१ च्या पहाटे हंटर गेली होती आणि पडद्यावरही हंटरच आली. रणगाडे बरोबर होते का, असं कुणीतरी विचारलं. "रणगाडा माझा विषय न्हाई."

एकदा त्यांची वही माझ्या हाती लागली. लाल कापडी पाठीची, दुकानदार उधारीला वापरतात तसली. 'हिंदुस्तान की कसम' आणि 'विजेता' यांना पानंच्या पानं. कितव्या मिनिटाला कुठलं विमान, त्याच्या अंगावरचा नंबर आणि समोरच्या रकान्यात त्याचं पुढं काय झालं. कुणी भंगारात. कुणी कुठल्याशा चौकात चौथऱ्यावर. 'पडलं, वैमानिक वाचला.' काही ठिकाणी नुसतंच 'पडलं'. 'विजेता'ची पटकथा आपल्या दिलीप चित्र्यांची, त्यात कुणाल कपूर हिरो, हे त्या वहीत कुठंही नाही. हिरोकडं सगळेच बघतात हो. त्याच्यामागून धावपट्टीवर सरकणाऱ्या मिग-२१ कडं बघायला आख्ख्या थेटरात हा एकच माणूस बसलेला. एवढं म्हणण्याइतपत मी विरघळलो, त्याहून जास्त नाही. दुसऱ्याच दिवशी अण्णांनी माझ्या क्रिकेटच्या मॅचमध्ये फ्लायपास्ट थांबवला.

२६ सप्टेंबर २०२५ ला चंडीगडला मिग-२१ ला निरोप दिला. ओझरच्या कारखान्यात शेकड्यांनी बांधलेलं विमान, बासष्ट वर्षं सेवा. त्या संध्याकाळी एका वाहिनीनं निरोपाच्या बातमीला भलत्याच विमानाचं चित्र लावलं. अण्णांनी फोन लावला. पलीकडची मुलगी गोड आवाजात म्हणाली, "सर, फील तर तोच आहे ना?"

हल्ली सिनेमातली विमानं संगणकावर निघतात. नाक बरोबर, नळ्या बरोबर, नंबरसुद्धा ठसठशीत. परवा तसला एक सिनेमा अण्णांनी कुठंही न थांबवता पाहिला. मला वाटलं, तब्येत बरी नाही. उठताना वही काढली, सिनेमाचं नाव टाकलं आणि पुढच्या रकान्यात लिहिलं, 'विमान नाही.'