पंचेचाळीस अंशांत स्कीची खरेदी

मे महिन्यात नागपुरात स्वेटर घ्यायला निघालेल्या माणसाकडे लोक जरा संशयानंच बघतात. मिनेसोटात मात्र बर्फगाडीचं सामान उन्हाळ्यातच घ्यायचं असतं. दुकानदाराला गेल्या हंगामातला माल काढायचा असतो, आणि आमच्या भाच्याला सूट दिसली की गरज आठवते. हा भाचा म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीचा मुलगा. शिकला नागपुरात, नोकरी मिनियापोलिसजवळ, आणि गेल्या हिवाळ्यात त्यानं एक जुनी स्नोमोबाइल विकत घेतली. पुढे दोन स्की, मागे एक रुंद रबरी पट्टा, मध्ये इंजिन आणि वर आमच्या बहिणीचा जीव, अशी तिची रचना आहे. गुलमर्गला जाऊन आलेले आमचे लोक तिला स्नो स्कूटर म्हणतात. तिथं चालवतो वेगळाच कोणी, आपण मागं बसून ओरडायचं. पण सल्ला द्यायला एवढा अनुभव पुरतो, हे मी गेल्या महिन्यात पाहिलं.

कंपनीचं नाव सांगत नाही. गाडी बिचारी चांगली आहे. तक्रार भाच्याची होती, आणि ती दुहेरी होती. वळणावर हँडल फिरवलं तरी गाडी सरळ जाते, आणि सरळ रस्त्यावर हँडल धरून ठेवलं तरी डावी-उजवीकडे पळते.

"मामा, ती ऐकतच नाही," तो म्हणाला. तिकडे रात्रीचे आठ, इकडे सकाळचे साडेसहा, आणि साडेसहालाच अंगणातली फरशी तापायला लागलेली.

मला विचारण्याचं कारण एवढंच की मी हिंगण्याच्या एमआयडीसीत आधी लेथवर आणि मग लेथवाल्यांवर आयुष्य काढलं. पण रामदासपेठेत एकट्याच्या मतावर कुठलाच निर्णय होत नाही. इथं दर दुसऱ्या फाटकावर डॉक्टरची पाटी आहे, साध्या सर्दीलाही सेकंड ओपिनियन मिळतं. त्यामुळे मी, सौ., उन्हाळ्यापुरती आमच्याकडे आलेली बहीण, आणि लेंड्रा पार्कातला फेरफटका आटोपून पेपर वाचायला आमच्याकडे टेकणारे शेजारचे हाडांचे निवृत्त डॉक्टर, अशी समिती आपोआपच बसली. मोबाइल पाण्याच्या तांब्याला टेकवला आणि भाचा एकेक वस्तू दाखवू लागला.

आधी स्की. हल्लीच्या स्की प्लास्टिकच्या असतात. लोखंडी पट्ट्यांचा जमाना गेला. रुंद स्की भुसभुशीत बर्फावर तरंगते, म्हणून डोंगरातले लोक ती घेतात. अरुंद स्की दाबून ठेवलेल्या वाटेवर चपळ. पोटाखाली जो उभा कणा असतो तो खोल असला तर जास्त पकडतो. काही स्कींना एकाऐवजी दोन कणे. मी हे सगळं समजून घेत असताना सौ.नं विचारलं, "रंग कोणते आहेत?"

रंग होते. काळा, लाल, हिरवा, केशरी. सौ.चं मत क्षणात पक्कं झालं. "केशरी घे. संत्र्याचा रंग आहे. तिकडंसुद्धा नागपूरचं नाव राहील."

"मामी, मी पकडीबद्दल विचारून राहिलो," भाचा म्हणाला.

"मग केशरी पकडत नाही का?"

या प्रश्नाला तांत्रिक उत्तर नाही. पुढचा विषय कार्बाइडचा निघाला आणि मी खुर्ची पुढे ओढली, कारण इथून आमचा प्रांत सुरू होतो. स्कीच्या कण्याखाली एक पोलादी सळी नट लावून बसवलेली असते, आणि त्या सळीच्या पोटात टंगस्टन कार्बाइडचे तुकडे ब्रेझिंग करून चिकटवलेले असतात. आमच्या वर्कशॉपात ज्याला पोरं विडिया म्हणतात तीच वस्तू. लेथच्या टूलला असते, भिंतीला भोक पाडायच्या बिटला असते, आणि तिकडे गोठलेल्या तळ्यावर पाचेकशे पौंडांची गाडी वळवायला असते. बर्फ मऊ असला तर प्लास्टिकची स्कीच काम निभावते. पण टणक, काचेसारख्या बर्फावर विडियाची धार घुसली तरच गाडी वळते, नाही तर हँडल हा निव्वळ मुठी ठेवायचा दांडा.

इथं एका गोष्टीचा मला राग येतो आणि तो मी त्या सकाळीही व्यक्त केला. टंगस्टनचं खनिज आपल्याच जिल्ह्यात आहे. कुही तालुक्यात, आगरगाव-खोबणा भागात. भूवैज्ञानिकांनी तो पट्टा तपासून नकाशावर घातलेला आहे. तरी आपण टंगस्टन बाहेरून आणतो, आणि जगातलं बहुतेक टंगस्टन चीन काढतो. म्हणजे चीनमधून अमेरिकेत जाऊन ते आमच्या भाच्याच्या स्कीखाली बसणार आणि कुहीचं कुहीत पडून राहणार. हे भाषण मी उभा राहून केलं. डॉक्टरांनी पेपरची घडी बदलली.

"लांबी किती असते या तुकड्यांची?" त्यांनी विचारलं.

"चार इंच, सहा, आठ, दहा. जास्त लांब तितकी जास्त पकड."

"आणि हात?"

डॉक्टरांचा मुद्दा खरा होता. पकड वाढली की हँडल जड होतं. दिवसभर दहा इंची कार्बाइडवर गाडी हाकणारा माणूस संध्याकाळी चहाचा कप दोन्ही हातांनी धरतो. डॉक्टरांनी चाळीस वर्षांच्या सवयीनं सांगितलं, "मात्रा कमीपासून सुरू करा. आधी सहा इंच. गुण नाही आला तर वाढवू." खांद्याचे दोन व्यायामही त्यांनी भाच्याकडून तिथल्या तिथं करून घेतले. फी घेतली नाही, पण एक चहा जास्त झाला.

बहिणीला यातलं काहीच पटत नव्हतं. तिचा प्रश्न एकच होता, यातली सगळ्यात हळू जाणारी स्की कोणती. तिची समजूत घालायला मी तिला राल्फ प्लेस्टेडची गोष्ट सांगितली. हा मिनेसोटातलाच, सेंट पॉलचा विम्याचा माणूस. ना शास्त्रज्ञ, ना दर्यावर्दी. १९६८च्या एप्रिलमध्ये तो सोबत्यांना घेऊन बर्फगाड्यांवरून थेट उत्तर ध्रुवावर पोचला, आणि अमेरिकी हवाई दलाच्या विमानानं वरून येऊन जागा बरोबर असल्याची खात्री केली. विमा एजंट कुठंही पोचू शकतो हे आपल्याकडे कोणाला समजावून सांगावं लागत नाही. पण अमेरिकेत त्याचं मोठं कौतुक झालं.

"त्यानं स्वतःचा विमा काढला होता का?" बहिणीनं विचारलं. गोष्ट तिथंच संपली.

मग तिनं खरा प्रश्न विचारला. गाडी सरळ रस्त्यावर पळते म्हणजे काय? हे मात्र रामदासपेठेतल्या कोणालाही समजावता येतं. आपल्या नव्या सिमेंट रस्त्यांना मधोमध उभी सांध असते, आणि कडेला सिमेंट संपून गट्टू सुरू होतात तिथं आणखी एक. स्कूटरचं पुढचं चाक एकदा त्या सांधीत सापडलं की तुम्हाला सेंट्रल बाजार रोडला जायचं असो की धंतोलीत, चाक सांध संपेपर्यंत सांधीचंच ऐकतं. बर्फावर तेच होतं. पुढे गेलेल्या गाड्यांच्या स्कींनी वाटेत नाळ्या पाडलेल्या असतात, मागच्याची एकेरी सळी त्यात उतरते आणि गाडी पुढच्यांच्या मताप्रमाणे वळते. म्हणून दोन समांतर धारांची सळी निघाली आहे. ती नाळीत उतरत नाही, दोन्ही काठांवर पाय ठेवून जाते. बहिणीला हे लगेच समजलं. तिचा हात त्याच सांधीत मोडला होता आणि तो जोडणारे डॉक्टर शेजारीच बसले होते.

एवढं झाल्यावर यादी अशी ठरली: दोन कण्यांच्या केशरी स्की, त्याखाली दुहेरी धारांच्या सहा इंची सळ्या, वर कुठल्याशा रबरी पाचरी. काही शे डॉलरांचा मामला. सूट मध्यरात्री संपत होती. तेवढ्यात काचीपुऱ्याचा मिस्त्री माझी स्कूटर न्यायला आला.

हा मिस्त्री बोलतो कमी. तो दारात उभा राहून फोनमधली केशरी स्की बघत राहिला, मग म्हणाला, "साहेब, जुनीले का झालं?"

कोणी बोलेना. जुनीला काय झालं हे समितीपुढे आलंच नव्हतं.

"थे खालून पाह्यलं का त्यायनं?"

भाच्यानं खालून पाहिलं नव्हतं. त्यानं घेतली तेव्हा गाडी बर्फात उभी होती आणि पुढे हिवाळाभर बर्फातच राहिली. मिस्त्रीनं हुकूम सोडला, जॅक लाव, पुढची बाजू उचल. मिनेसोटातल्या गॅरेजमध्ये रात्री नऊला भाचा जमिनीवर आडवा झाला आणि नागपुरात पाच डोकी तांब्याभोवती जमली.

टॉर्चच्या उजेडात सळी दिसली. मुळात ती बोटाएवढी गोल असायला हवी. पुढच्या निम्म्या लांबीत तिची गोलाई पार गेली होती, खाली सपाट, चकचकीत पट्टी झाली होती. मधल्या भागात विडियाचे राखी तुकडे. त्यांना धार असते, नख ओढलं तर नखाचा भुगा निघायला पाहिजे. भाच्यानं नख ओढलं. नख गुळगुळीत घसरून आलं. उजव्या स्कीखाली तर दोन तुकडे जागेवरच नव्हते, नुसती रिकामी खाच आणि ब्रेझिंगचा पितळी डाग.

"अन् मांगच्या पट्ट्याले खिळे हायेत का?" मिस्त्रीनं विचारलं.

होते. आधीच्या मालकानं पट्ट्याला शंभराच्या आसपास स्टड ठोकले होते. झालं, रोग सापडला. मागचा पट्टा खिळ्यांनी बर्फ पकडून गाडी पुढे ढकलणार, पुढे मात्र धार नाही. वळणावर सरळ न जाऊन करते काय ती? मागची पकड वाढवली की पुढची त्या मानानं वाढवायची, हे गणित आधीच्या मालकानं अर्धंच सोडवलं होतं.

सळ्या एवढ्या का झिजल्या, त्याचंही उत्तर भाच्याकडेच होतं. २०२३-२४चा हिवाळा मिनेसोटात नोंदी ठेवायला लागल्यापासूनचा सगळ्यात उबदार गेला. बर्फ नाही म्हटल्यावर हौशी लोकांनी गाड्या उघड्या डांबरावरून, खडीवरून फरफटत नेल्या असणार. शिवाय या गाड्यांचं इंजिन गार राहतं ते पट्ट्यानं उडवलेल्या बर्फामुळे. तो बर्फ बुडाखालच्या कूलरवर बसतो. बर्फ नसला की इंजिन तापतं.

"अगं बाई, म्हणजे तिकडंही कूलरला पाणी लागतं!" बहीण म्हणाली, आणि त्या सकाळी पहिल्यांदा तिला ती गाडी आपल्यातली वाटली.

मिस्त्रीनं शेवटची तपासणी दोरीनं करवली. हँडल सरळ धरून, पट्ट्याच्या कडेनं दोरी ताणून स्कींपर्यंत आणली. पुढच्या टोकाशी स्की किंचित, फार तर पाव इंच बाहेर उघडलेल्या असाव्यात. डावी बरोबर होती. उजवी आतल्या बाजूला बघत होती. ते दोन पाने घेऊन पंधरा मिनिटांत सरळ झालं. फुकट.

आता मला विचाराल तर हौशी मंडळींच्या निम्म्या सुधारणा या न बघितलेल्या झिजेवरची रंगरंगोटी असते. स्कूटरवाले टायर बदलतात, पण हँडलच्या बेअरिंगला हात लावत नाहीत. बर्फगाडीवाले स्की बदलतात आणि खालची सळी तीच ठेवतात. नवी स्की दिसते, फोटोत येते. सळी बर्फात असते, तिचं कौतुक कोण करणार! मी हे बोलून दाखवलं तेव्हा भाचा जरा पडेल चेहऱ्यानं म्हणाला, "म्हणजे फक्त सळ्याच घ्यायच्या?"

फक्त सळ्याच. दुहेरी धारेच्या, डॉक्टरांच्या मात्रेप्रमाणे सहा इंची. समितीत एक प्रकारची सुतकी शांतता पसरली. इतक्या लोकांनी इतका वेळ विचार करून एवढ्या स्वस्तात सुटका व्हावी, हे कोणालाच रुचलं नाही. सगळ्यात जास्त सौ.ला. "केशरी रंग तरी मारून घे त्या जुन्यांना," ती म्हणाली.

मिस्त्री मात्र जायला तयार नव्हता. "थ्या जुन्या सळ्या फेकू नोका म्हणा. विडिया हाय थे. लेथवाल्याले देतो, टुकडे काढून टूलवर बसवते थो."

बहीण ऑगस्टमध्ये मुलाकडे जाणार आणि दिवाळीच्या आधी परतणार. सळ्या तिच्याच बॅगेतून येणार हे उघड होतं. बॅगेचं वजन मात्र आधीच वाटून झालेलं होतं.

"वन्सं, माझी ती बिडाची कढई?" सौ.नं विचारलं.

"वहिनी, एक सळी आणते हवं तर. मग कढई बसेल."

"एक कामाची नाही बाई," मिस्त्री स्कूटरला किक मारत म्हणाला, "डाव्या बाजूचीच तर चांगली हाय, अन् लेथवाला जोडीचेच पैसे देते."

डॉक्टरांनी पेपर खाली ठेवला आणि कढई किती इंची आहे ते विचारलं.